डी की जी? लूपवर चालणाऱ्या गाण्याची पट्टी ठरवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बँडने लिनर्ड स्किनर्ड या अमेरिकन बँडचं ‘स्वीट होम अलाबामा’ बसवायला घेतलंय. गिटारवाला म्हणतो गाणं डीमध्ये आहे, कारण रिफ (गाणंभर फिरून येणारा कॉर्डचा तुकडा) डीवर सुरू होते. कीबोर्डवाला पाश्चात्त्य संगीताच्या ग्रेडच्या परीक्षा दिलेला आहे. तो म्हणतो, एकच शार्प (अर्धा सूर चढवलेला स्वर) लागतो, म्हणजे जी मेजर, विषय संपला. मोबाइलवरचं पट्टी ओळखणारं ॲपही जीच म्हणतं. तुम्ही बेस वाजवता आणि तुम्हाला दोघांचंही थोडं थोडं पटतं. तुम्हाला तीन गोष्टी हव्यात: बरोबर कोण, मधल्या सी कॉर्डचं (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटाचं) काम काय, आणि चार्टवर, म्हणजे बँडपुढच्या कॉर्डच्या कागदावर, लिहायचं काय. जाता जाता ‘गेट लकी’चंही विचारलंय, कारण त्याच्या तुम्हाला तीन वेगळ्या पट्ट्या ऐकायला मिळाल्या.

माझं उत्तर डी. मात्र कीबोर्डवाल्याचं कारण जितकं कच्चं आहे तितकं त्याचं उत्तर कच्चं नाही, आणि गिटारवाल्याचं उत्तर जितकं बरोबर आहे तितकं त्याचं कारण बरोबर नाही. रिफ कुठे सुरू होते हा पुरावा आहे, निकाल नाही. कितीतरी गाणी पट्टीच्या चौथ्या किंवा पाचव्या सुरावरच्या कॉर्डवर सुरू होतात आणि कुणी त्यावर वाद घालत नाही.

आधी ‘एकच शार्प, म्हणून जी’ हे बघू. रिफच्या तीन कॉर्ड आहेत डी, सी आणि जी. डीमध्ये डी, एफ शार्प, ए. सीमध्ये सी, ई, जी. जीमध्ये जी, बी, डी. एकत्र केले तर सात सूर मिळतात आणि ते जी मेजरचेच सात सूर आहेत. इथवर कीबोर्डवाला बरोबर. पण सात सूर कळले म्हणजे सा कळला असं होत नाही, हे आपल्याकडे पेटी शिकणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. पांढऱ्या पट्ट्यांवर सी हा सा धरला तर बिलावल, डी धरला तर काफी, ई धरला तर भैरवी, एफ धरला तर कल्याण, जी धरला तर खमाज, ए धरला तर आसावरी. पट्ट्या त्याच, सा हलला की थाट बदलला. मूर्च्छना म्हणून आपण हे शिकतो आणि गिटार हातात घेतली की विसरतो. जी मेजरचे सूर डीपासून वाजवले तर शुद्ध गंधार, कोमल निषाद, म्हणजे खमाज थाट. पाश्चात्त्य भाषेत मिक्सोलिडियन. तेव्हा एक शार्प जी मेजरलाही लागतो आणि डी मिक्सोलिडियनलाही. वादात या पुराव्याचं वजन शून्य.

मग सा ठरतो कशावरून? इथे जरा थांबून रिफच नीट बघू, कारण सगळी गंमत तिच्या मापात आहे. डी दोन मात्रा, सी दोन मात्रा, जी चार मात्रा. आठ मात्रांचं आवर्तन. सम डीवर पडते आणि पाचव्या मात्रेला, केरव्यात जिथे खाली येते तिथे, जी येते. म्हणजे डीला जागा मोक्याची आणि जीला वेळ जास्त, डीच्या दुप्पट. एकाच लूपमध्ये दोन पुरावे दोन बाजूंना ओढतायत. ज्याचा कान समेवर असतो (ढोलकीवाले, ड्रमर, रिफ वाजवणारे) त्याला डी ऐकू येतो. ज्याचा कान कुठे जास्त वेळ टेकायला मिळतं तिकडे असतो (गायक, सोलो वाजवणारे) त्याला जी ऐकू येते. तुमच्या बँडमधलं भांडण निम्मं इथेच उलगडतं.

आता याच्याशेजारी बीटल्सचं ‘हे ज्यूड’ ठेवा, १९६८चं. शेवटचा तो न संपणारा भाग चार कॉर्डचा आहे: एफ, ई फ्लॅट, बी फ्लॅट, एफ. एफच्या जागी डी लिहून सगळं खाली उतरवा, डी, सी, जी, डी मिळेल. म्हणजे अलाबामाच्याच कॉर्ड, त्याच क्रमाने. तरीही ‘हे ज्यूड’ची पट्टी एफ आहे याबद्दल कुणाचंही दुमत ऐकलेलं नाही. कारण तिथे प्रत्येक कॉर्डला एक बार (चार मात्रा) आहे आणि चौथा बार पुन्हा एफचा. बी फ्लॅटवर बसायला वेळच मिळत नाही, लगेच घरी आणून सोडतात. शिवाय आधीची तीन मिनिटं गाणं एफमध्येच झालेलं असतं. गन्स अँड रोझेसच्या ‘स्वीट चाइल्ड ओ माइन’च्या अंतऱ्यातही बोटांनी डी, सी, जी, डीच धरतात, तिथेही वाद नाही, कारण तेच: डी परत येते. अलाबामात चौथी कॉर्ड येतच नाही. जीवर चार मात्रा रेंगाळायचं आणि पुढची डी येते ती पुढच्या आवर्तनाची सम म्हणून. ती डी मागच्या ओळीचा शेवट आहे की पुढच्या ओळीची सुरुवात, हाच मूळ प्रश्न. माझ्या कानाला ती दोन्ही आहे, म्हणून मी डी म्हणतो. ज्याला ती फक्त सुरुवात वाटते त्याला जी म्हणायचा हक्क आहे.

मला डीकडे नेणारी आणखी एक जागा आहे, तिच्याकडे सहसा कुणी बघत नाही. कोरसच्या शेवटी तीन कॉर्डचा फेरा मोडतो आणि एफ, सी असं येऊन पुन्हा डीवर उतरतात. डी सा मानला तर हे कोमल गंधार, कोमल निषाद, सा. रॉकमधला घरी येण्याचा हा अगदी मळलेला रस्ता. जी सा मानला तर तेच कोमल निषाद, मध्यम, पंचम होतं, म्हणजे कोरस संपताना पंचमावर लटकवून ठेवलं असं म्हणावं लागतं. अशक्य नाही. पण त्या ठिकाणी पूर्ण बँड ज्या जोरात डीवर आदळतो ते लटकणं वाटत नाही.

जीच्या बाजूने सगळ्यात भक्कम साक्षीदार म्हणजे एड किंगचा सोलो. तो जी धरून वाजवलाय, हे वाजवून बघितलं की लगेच कळतं. म्हणजे १९७४ साली ज्या बँडने हे गाणं बाजारात आणलं त्याच्याच एका गिटारवादकाच्या बोटांना जी घर वाटत होती. यावर काहीजण म्हणतात, मग वाद मिटला. मी म्हणतो, नाही मिटला. वाजवणाऱ्याने काय मनात धरलं हा इतिहास झाला. ऐकणाऱ्याला काय ऐकू येतं हा वेगळा प्रश्न, आणि पट्टी ही शेवटी ऐकू येण्याची गोष्ट आहे.

ॲपचं काय? ॲप जी म्हणतं म्हणून कीबोर्डवाल्याने खूश व्हायचं कारण नाही. बहुतेक अशा प्रणालींना निवडायला चोवीसच पर्याय दिलेले असतात, बारा मेजर आणि बारा मायनर. मिक्सोलिडियन, डोरियन (आपला काफी) हे पर्याय यादीतच नाहीत. कॅरल क्रमहान्सल आणि एडवर्ड केसलर यांनी १९८२ साली श्रोत्यांना आधी पट्टी ऐकवून मग एकेक सूर त्यात किती चपखल बसतो ते विचारलं होतं. त्यावरून मेजर आणि मायनरसाठी बारा सुरांच्या वजनांचा एकेक तक्ता तयार झाला. पट्टी ओळखण्याच्या कितीतरी पद्धती याच तक्त्यांवर किंवा यांच्या भावंडांवर उभ्या आहेत. गाण्यात कोणता सूर किती वेळ वाजला ते मोजायचं आणि चोवीसपैकी कोणत्या तक्त्याशी जास्त जुळतं ते बघायचं. डी, सी, जी दिल्यावर सी नॅचरल (सी शार्प नव्हे, साधा सी) असल्यामुळे डी मेजरचा तक्ता मार खातो, जीचा जुळतो. समेवर काय आहे, ओळ कुठे संपते, याचा त्या मोजणीत पत्ताच नसतो. तेव्हा ॲपने सांगितलेलं ‘जी’ याचा अर्थ ‘एका शार्पचं काहीतरी’ एवढाच घ्या.

मी शिकवताना एक प्रयोग करायला लावतो, तुम्हीही करून बघा. तानपुऱ्याचं ॲप डीवर लावा, पंचमासकट, आणि वर अलाबामाची रिफ दहा-बारा आवर्तनं वाजवा. मग तानपुरा जीवर लावून तेच करा. पहिल्या वेळी सी कॉर्ड कोमल निषादाची वाटेल आणि जी मध्यमाची. दुसऱ्या वेळी सी मध्यमाची, जी घरची, आणि डी पंचमाची. दोन्ही वेळा चार-पाच आवर्तनांत कान तक्रार करायचा थांबतो. मग या प्रयोगातून पट्टी सिद्ध झाली का? बिलकुल नाही. कान किती पटकन राजी होतो एवढं सिद्ध झालं. म्हणूनच ‘गाणं मध्येच थांबवा आणि जो सूर गुणगुणावासा वाटेल तो सा’ या सल्ल्यावर माझा फारसा विश्वास नाही. तुम्ही कुठे थांबवता त्यावर उत्तर बदलतं. ‘घरच्या कॉर्डआधी तिची डॉमिनंट सेव्हन्थ (पंचमावरची, घराकडे ओढणारी कॉर्ड) घालून बघा’ हा दुसरा लाडका उपाय. डीआधी ए सेव्हन्थ घातली की डी घर वाटणारच, जीआधी डी सेव्हन्थ घातली की जी वाटणारच. हे तपासणं झालं नाही, तुम्ही नवी पट्टी बसवलीत.

उपयोगी पडतं ते असं: तुम्हाला दोन्ही ऐकू येतात का हे बघणं, आणि मग कोणतं ऐकण्यासाठी जास्त जोर लावावा लागतो ते बघणं. अलाबामात मला जी ऐकण्यासाठी थोडा जोर लावावा लागतो, ‘हे ज्यूड’मध्ये बी फ्लॅट ऐकण्यासाठी अंगावर घाम येतो.

आता सी कॉर्डचं काम काय हा तुमचा दुसरा प्रश्न, आणि खरं तर भांडणाचा गाभा इथे आहे. कॉर्डची ‘कामं’ ही कल्पना ह्यूगो रीमान या जर्मन पंडिताने १८९३ साली पक्की मांडली: टॉनिक म्हणजे घर, डॉमिनंट म्हणजे घराकडे ओढणारी, सबडॉमिनंट म्हणजे घरापासून दूर नेणारी. बाकीच्या सगळ्या कॉर्ड या तिघींच्या वेषांतरित रूपात बघायच्या. त्याच्यासमोर होतं मोझार्ट-बेथोवेनचं संगीत, जिथे पाचवी कॉर्ड पहिलीकडे जाते हा जवळजवळ कायदा आहे. ग्रेडच्या परीक्षा अजून तोच चष्मा लावून देतात. त्या चष्म्यातून डी, सी, जी बघितलं की पाचवी, चौथी, पहिली असं दिसतं, ब्लूजच्या शेवटच्या चार बारसारखं, आणि कीबोर्डवाल्याला हायसं वाटतं. डी धरली की पहिली, फ्लॅट सातवी, चौथी असं होतं, आणि फ्लॅट सातवीला रीमानच्या तिघींत सरळ जागा नाही. मग माणूस म्हणतो, ज्यात जागा सापडते ती पट्टी खरी. कॉर्डच्या कामाची व्याख्या आधी ठरवायची आणि मग ती लागू पडावी म्हणून पट्टी निवडायची, असा हा उलटा प्रवास.

रॉकमध्ये ती व्याख्याच डळमळते. ट्रेव्हर डी क्लर्क आणि डेव्हिड टेम्परली या दोघांनी २०११ साली ‘रोलिंग स्टोन’ मासिकाच्या यादीतली १०० रॉक गाणी घेऊन, प्रत्येकाने स्वतंत्रपणे, कानाने ऐकून कॉर्ड आणि पट्ट्या लिहून काढल्या. दोघांची मतं बहुतेक ठिकाणी जुळली, सगळीकडे नाही. आणि त्यातून दिसलं असं की पहिली कॉर्ड वगळता सगळ्यात जास्त वापरली जाणारी कॉर्ड चौथी आहे, पाचवी नव्हे. घराच्या ठीक आधीही चौथीच जास्त वेळा येते. म्हणजे रॉकमध्ये घरी यायचा राजमार्ग मध्यमावरून आहे. हे एकदा मान्य केलं की सीचं काम स्वच्छ दिसतं: सी ही जीची चौथी, जी ही डीची चौथी. मध्यमाचा मध्यम, मग मध्यम, मग सा. याला इंग्रजीत दुहेरी प्लेगल म्हणतात. ‘हे ज्यूड’चा शेवट हाच. सी स्वतः डीला ओढत नाही, ती जीला ढकलते आणि जी डीला. अलाबामात फरक इतकाच की जी त्या ढकलण्याच्या मध्येच बैठक मारते.

कॉर्डचं काम तिच्या सुरांवरून ठरत नाही, वागणुकीवरून ठरतं, हे आपल्याकडच्या लोकांना पटवायला मला कधीच वेळ लागत नाही. भूप आणि देशकार, दोघांत सूर तेच पाच. एकात गंधार वादी (मुख्य सूर), दुसऱ्यात धैवत. भातखंड्यांनी भूप कल्याण थाटात टाकला आणि देशकार बिलावल थाटात. आता कल्याण आणि बिलावल यांत फरक फक्त मध्यमाचा, आणि या दोन्ही रागांत मध्यमच नाही! म्हणजे जो सूर वाजतच नाही त्याच्यावरून वर्गवारी केली. पाश्चात्त्य विद्वान सध्या पॉपमधल्या ‘अनुपस्थित टॉनिक’वर, म्हणजे गाण्यात कधीच न वाजणाऱ्या घरच्या कॉर्डवर, वाद घालतात तेव्हा मला हेच आठवतं.

अनुपस्थित टॉनिक हा शब्द आलाच आहे तर ‘गेट लकी’कडे वळू. डाफ्ट पंकचं २०१३चं गाणं, गिटारवर नाइल रॉजर्स. चारच कॉर्ड, प्रत्येकी एक बार, पहिल्यापासून शेवटपर्यंत: बी मायनर, डी, एफ शार्प मायनर, ई. सूर ए मेजरचे. आणि ए मेजर ही कॉर्ड गाण्यात एकदाही येत नाही. पट्ट्या तीन सांगितल्या जातात. बी धरली तर काफी थाट, म्हणजे डोरियन. एफ शार्प धरली तर आसावरी, म्हणजे नेहमीचा मायनर. ए धरली तर बिलावल, पण घराला कुलूप आणि मालक परगावी. संगीत अभ्यासक मार्क स्पायसरने २०१७च्या एका लेखात अशा गाण्यांच्या टॉनिकचे तीन प्रकार पाडलेत: नाजूक, हळूहळू उगवणारी आणि अनुपस्थित. ए म्हणणाऱ्यांना तिसऱ्या प्रकाराचा आधार घ्यावा लागतो. मला तो इथे ताणलेला वाटतो. ई कॉर्ड ‘ए’कडे जाण्यासाठी जराही धडपडत नाही. ती प्रत्येक वेळी निमूट बी मायनरवर उतरते.

खरा सामना बी आणि एफ शार्पमध्ये आहे. अलाबामासारखी इथे मात्रांची विषमता नाही, चारी कॉर्ड समान, त्यामुळे समेचं वजन वाढतं आणि सम बी मायनरवर आहे. एफ शार्पवाले म्हणतात, गायन बघा, ते एफ शार्पला वारंवार टेकतं. टेकतं, खरं आहे. पण एफ शार्प हा सूर पहिल्या तीनही कॉर्डमध्ये आहे: बी मायनरचा पंचम, डीचा गंधार, एफ शार्प मायनरचा सा. कोणत्याही गाणाऱ्याला असा सूर सापडला की तो तिथेच मुक्काम ठोकणार. आणि गायक पंचमावर मुक्काम करतो म्हणून पंचम सा होत नाही, नाहीतर आपल्या निम्म्या भजनांची पट्टी बदलावी लागेल. त्यात ई मेजर, म्हणजे बीचा शुद्ध धैवत घेऊन येणारी मध्यमाची कॉर्ड, हा काफीचा अस्सल रंग आहे. मी बी लिहितो. पण एखाद्या गायिकेने मला सांगितलं की तिला एफ शार्प ऐकू येतो, तर तिच्याशी मी भांडणार नाही, कारण तिच्या जागेवरून तो खरोखरच जास्त वेळ ऐकू येतो.

‘देस्पासितो’ची बी मायनर, जी, डी, ए ही चौकडी याच जातीची, बी मायनर की डी मेजर असा वाद तिथेही होतो. तिथे मी फार विचार न करता बी मायनर म्हणतो: सुरुवात तिथे, रंग तिथला. फ्लीटवुड मॅकच्या १९७७च्या ‘ड्रीम्स’मध्ये मात्र मी हात टेकतो. एफ आणि जी, एफ आणि जी, एवढंच जवळजवळ पूर्ण गाणं. वाद्यांच्या मधल्या भागात ए मायनर क्षणभर डोकावते. एफ धरा, कल्याण होतो. सी धरा, सी कॉर्ड कुठेच नाही. ए मायनर धरा, चाल जुळते पण कॉर्ड हजेरी लावून पळते. संगीत अभ्यासक फिलिप टॅग अशा दोन कॉर्डच्या ये-जा करण्याला शटल म्हणायचा आणि त्यात एकीला घर, दुसरीला पाहुणी ठरवायचा अट्टहास कशाला, असा त्याचा सूर असायचा. ‘ड्रीम्स’च्या बाबतीत मी त्याच्या बाजूने आहे.

आणखी एका गोष्टीने वाद पेटतात, ती म्हणजे ऐकणाऱ्याचं घराणं. ए मायनर, जी, एफ, ई ही उतरती चौकडी घ्या. रे चार्ल्सच्या ‘हिट द रोड जॅक’ची चाल या पट्टीत उतरवली तर हेच मिळतं आणि घर निःसंशय ए मायनर. ई ही तिथे ओढणारी कॉर्ड. याच चार कॉर्ड अंदालुसियातल्या फ्लामेंको गिटारवाल्याला द्या, तो ईवर येऊन शांतपणे थांबेल. त्याचं घर ई आहे. कोमल रिषभावरून, एफवरून, सावर उतरणं हे त्याच्या लेखी पूर्ण विराम. दोघांचे कान ठणठणीत आहेत.

हा पेच हिंदी चित्रपटसंगीतात रोजचा होता. शंकर-जयकिशन यांची भैरवी आणि तिला हार्मनी घालणारे सेबॅस्टियन डिसोझा, ही जोडी डोळ्यांसमोर आणा. गोव्यातून आलेल्या या अरेंजर (चालीभोवती वाद्यं आणि कॉर्ड रचणाऱ्या) मंडळींचं शिक्षण चर्चच्या आणि बँडच्या हार्मनीत झालेलं. समोर चाल मात्र अशी की जिच्यात ई सा असेल तर सगळ्या पांढऱ्या पट्ट्या. पुस्तकी मार्ग म्हणतो घरी येताना बी सेव्हन्थ वाजवा. बी सेव्हन्थमध्ये डी शार्प आणि एफ शार्प, म्हणजे शुद्ध निषाद आणि शुद्ध रिषभ. गायक कोमल रिषभावर मींड घेत असताना ही कॉर्ड खाली लावली तर कानठळी बसेल. भैरवीच्या सुरांतून पंचमावर कॉर्ड बांधायला गेलं तर ती डिमिनिश्ड निघते, तिच्यात घरी आणण्याचा तो जोर नाही. मग एफ किंवा डी मायनरवरून ई मायनरवर उतरायचं, किंवा चाल ठुमरी अंगाने शुद्ध रिषभाला स्पर्श करते तेवढ्या क्षणापुरती बी सेव्हन्थ चोरून घ्यायची. नवखा कीबोर्डवाला अशा गाण्याला ए मायनर म्हणतो आणि प्रत्येक ओळ संपताना ‘ए’वर जाऊन थांबतो, गायक वळून बघतो तोवर. तबलजी तोंड फिरवून हसतो ते वेगळंच.

तुमच्या बँडमधल्या अर्ध्या चर्चा मात्र पट्टीच्या नसतातच, हेही सांगून ठेवतो. ‘स्वीट चाइल्ड’ची गिटार अर्धा सूर उतरवून लावलेली आहे. बोटं डीची, आवाज डी फ्लॅटचा. गिटारवाला डी म्हणतो, कीबोर्डवाला रेकॉर्डबरोबर वाजवून डी फ्लॅट म्हणतो, दोघे एकच गोष्ट सांगत असतात. कॅपो (सगळ्या तारा चढवणारा चिमटा) लावलेल्या गिटारचं तेच, आणि कीबोर्डवरचं ट्रान्स्पोजचं बटण दाबून काळी एकला पांढरी एक म्हणणाऱ्यांचंही तेच. तालमीत पहिल्यांदा ‘आवाजाची पट्टी’ की ‘बोटांची पट्टी’ हे ठरवा.

आता चार्ट. अलाबामासाठी मी सरळ कॉर्डची नावं लिहीन, मापासकट: डी दोन, सी दोन, जी चार. वर ‘डी’ लिहीन. की सिग्नेचर (ओळीच्या सुरुवातीची शार्प-फ्लॅटची खूण) लिहायचीच असेल तर एक शार्प देईन, म्हणजे सी नॅचरलची खूण दर बारला करावी लागणार नाही. कीबोर्डवाल्याला आवडेल, आणि चार्टवर एक शार्प असणं आणि घर डी असणं यात काही विरोध नाही. आकड्यांत लिहिणार असाल, म्हणजे १९५०च्या दशकाच्या शेवटी नॅशव्हिलच्या स्टुडिओत नील मॅथ्यूज यांनी सुरू केलेल्या पद्धतीने, तर तिथे मात्र टाळाटाळ चालत नाही. १, फ्लॅट ७, ४ लिहा किंवा ५, ४, १ लिहा. कोणतंही चालेल, पण सगळ्यांकडे एकच हवं, आणि ‘१ म्हणजे डी’ की ‘१ म्हणजे जी’ ते वर लिहिलेलं हवं. ऐन कार्यक्रमात गायिकेने ‘दोन सूर खाली घ्या’ म्हटलं आणि एकाने डीवरून मोजलं, दुसऱ्याने जीवरून मोजलेल्या आकड्यांचा कागद वाचला, की काय होतं ते कल्पनेवर सोडतो.

सोलोसाठी वेगळा नियम लावा. जी मेजर पेंटॅटोनिक आणि डी मिक्सोलिडियन यांत बोटांखालचे सूर तेच आहेत, पहिल्याचे पाच दुसऱ्याच्या सातांत बसतात. फरक टेकण्याचा. जीच्या चार मात्रांत बी किंवा जीवर थांबलात तर एड किंगच्या वाटेने गेलात, समेवर एफ शार्प किंवा ए धरलात तर डीच्या. गिटारवाल्याला दोन्ही करून दाखवायला सांगा. माझ्या अनुभवात एकच सोलो अर्धा असा, अर्धा तसा वाजवणारे लोक जास्त रंगत आणतात.

आणि तुमचं. बेस वाजवणाऱ्याने हा प्रश्न मला विचारावा याचं मला थोडं हसू आलं, कारण या तिघांत निकाल देण्याची सोय फक्त तुमच्याकडे आहे. जीच्या चार मात्रांत जी, डी, जी, डी असं सा-पंचम वाजवत बसलात की जी घट्ट होते, अख्खं गाणं तिच्याकडे झुकतं. त्याच चार मात्रांत जी, जी, बी, सी शार्प असं चढत जाऊन समेवर डीला लागलात, तर तो शेवटचा सी शार्प कॉर्डबाहेरचा असूनही डीला असा काही उचलून धरतो की कीबोर्डवाल्याच्या जीला जागा उरत नाही. तिसरा पर्याय म्हणजे तिन्ही कॉर्डखाली डीच धरून ठेवायचा, तानपुऱ्यासारखा. तो एखाद्याच अंतऱ्यात करा, नाहीतर रिफची उडी मरते. पहिल्या दोन कोरसना चढती चाल, सोलोखाली सा-पंचम, असं मी वाजवेन.